हातमोजे न काढलेली संध्याकाळ

मिलिंदभाऊ सुखदेवे यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात स्वयंपाकघरातलं उलथणं होतं. नव्वदच्या दशकातला तो माझा अमेरिकेतला पहिला हिवाळा. नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मी ईडन प्रेरीला आलो होतो, एक जुनी गाडी घेतली होती आणि ती पार्किंगमध्ये बर्फात पार गाडली गेली होती. बर्फ उपसायला फावडं लागतं आणि ते थंडीआधीच आणून ठेवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी उलथण्यानं चाकांभोवतीचा बर्फ खरवडत होतो. शेजारून जाणारा एक ट्रक थांबला. त्यातून दाराएवढे रुंद एक गृहस्थ उतरले. त्यांनी उलथण्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि मला गाडीत बसायला सांगितलं. मागून त्यांनी एकदाच खांदा लावला आणि गाडी सुटली. आभार मानायला मी काच खाली केली, तर ते डॅशबोर्डवरच्या छोट्या बुद्धमूर्तीकडे पाहत होते.

"जय भीम," ते म्हणाले. "नागपूर का?"

त्यांनी पुढे केलेला हात पाहून मी दचकलो. बोटांची पेरं सुजलेली आणि सगळा पंजा पिवळाधमक. मला वाटलं, या माणसाला कावीळ झाली आहे. ती आंबेहळद होती, त्यांच्या आईनं लेप करून लावलेली. तो धुवायचीही सवड न काढता भाऊ कुणा अनोळखी माणसाची गाडी ढकलायला उतरले होते. त्याच दिवशी त्यांनी मला आपल्या आईवडिलांच्या घरी जेवायला नेलं आणि पुढे कित्येक रविवारी माझं ताट त्या घरात मांडलेलं असायचं.

भाऊंचे वडील, सुखदेवे काका, इंजिनियर. भाऊ पाच वर्षांचे असताना ते काकूंसह नागपूरहून मिनेसोटात आले. घरामागचं तळं थंडीत गोठायचं आणि शेजारची पोरं त्यावर घसरायची. आपला मुलगा एकटाच खिडकीत उभा राहतो हे काकांना पाहवलं नाही. त्यांनी कुणाचे तरी जुने स्केट आणले आणि स्वतः तळ्यावर जाऊन पोराला धरून उभे राहिले. स्वतः काका इतक्या वेळा पडले की पोरानंच त्यांना धरायला सुरुवात केली, असं काकू सांगायच्या. शाळेत असताना भाऊंचा एकही सामना काकांनी चुकवला नाही. पहाटे उठून थर्मासमध्ये चहा भरायचा, रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जायचं, आणि काचेला नाक लावून पोराला पाहायचं. बर्फावरच्या हॉकीतलं काकांना फारसं कळत नव्हतं. पण आपल्या पोराला कुणी पाडू शकत नाही एवढं त्यांना कळायचं आणि तेवढ्यावर ते खूश असायचे.

कॉलेजनंतर भाऊंना एका लहान शहराच्या व्यावसायिक संघानं घेतलं. संघ दुसऱ्या फळीचा. तिथं नाव काढणाऱ्याला वरच्या फळीचा मोठा संघ बोलावून घेतो आणि तिथं प्रत्येकाचा डोळा त्या बोलावण्यावर असतो. पहिल्याच हंगामात प्रशिक्षकांनी भाऊंना बाजूला बोलावून सरळ सांगितलं. तुझं स्केटिंग बेताचं आहे, गोल करणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पण तुला कुणी हलवू शकत नाही. राहायचं असेल तर एक काम रिकामं आहे.

ते काम काय, हे आपल्या मंडळींना सांगायला हवं, कारण इथं तीस-तीस वर्षं राहूनही आपल्यातले बहुतेक जण ही हॉकी पाहत नाहीत. रबराची काळी चकती, तिला पक म्हणतात, ती काठीनं जाळ्यात मारायची, एवढाच खेळ. पण खेळाडू मोटारीच्या वेगानं घसरत असतात आणि मुद्दाम मागून धडक देऊन एखाद्याला जायबंदी करणं सोपं असतं. पंच शिक्षा देतात, पण ती थोडी. म्हणून तेव्हा प्रत्येक संघ एक दांडगा माणूस बाळगायचा. आपल्या लहानखुऱ्या खेळाडूला कुणी वाईट धडक दिली की या माणसानं जाऊन त्या धडक देणाऱ्यापुढे उभं राहायचं. दोघांनी हातमोजे काढून बर्फावर टाकायचे आणि मारामारी करायची. पंच बाजूला उभे राहून वाट पाहतात. एक जण पडला की दोघांना सोडवतात, दोघं शिक्षेच्या खोक्यात पाच मिनिटं बसतात, आणि प्रकरण मिटतं. गंमत म्हणजे धडक देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. तो पळत नाही, वाट पाहत थांबतो. मार खाल्ला की तो सुटला. त्याला उत्तर मिळालं नाही, तर मात्र प्रकरण उघडं राहतं आणि त्या लहानखुऱ्या खेळाडूला पुढे कुणीही, कितीही वेळा धडकावं, अशी मोकळीक होते.

भाऊंनी ते काम घेतलं आणि जवळजवळ दहा वर्षं केलं. संघात त्यांना 'सुकी' म्हणत. आडनावाचं शेपूट तोडून ठेवलेलं नाव. आपल्याकडे सुकी म्हटलं की बटाट्याची भाजी आठवते, पण त्या गावात ते नाव घेतल्यावर पाहुण्या संघाचे लोक जरा सांभाळून खेळत. इतक्या वर्षांत भाऊंनी स्वतःहून भांडण उकरून काढल्याचं मी कुणाकडून ऐकलं नाही. उलट सामना संपल्यावर ते समोरच्या संघाच्या खोलीत जायचे आणि ज्याच्याशी हाणामारी झाली त्याची विचारपूस करायचे. काकूंची आंबेहळद त्यांच्या बॅगेत डबीत असायची. तिचा लेप लावलेले गोरे, दात पडलेले, पिवळ्या हातांचे खेळाडू त्या भागात बरेच फिरायचे, असं त्यांच्या संघातला एक जण मला हसत हसत सांगत होता.

काकांनी मात्र पहिल्या मारामारीची बातमी ऐकली आणि सामन्याला जाणं बंद केलं. ते रोज सकाळी त्रिशरण-पंचशील घेणारे गृहस्थ. प्राणिमात्राला इजा करणार नाही हे त्यातलं पहिलं शील, आणि ते त्यांच्या लेखी तोंडी म्हणायचं नव्हतं, पाळायचं होतं. "सकाळी शील घ्यायचं अन् संध्याकाळी माणसाचं तोंड फोडायचं? असं कसं चालंल रे बापा?" असं ते मलाच विचारायचे, कारण मुलाला विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं. बापलेक एकत्र जेवायचे, गाडीच्या टायरबद्दल बोलायचे, नागपूरच्या नातलगांबद्दल बोलायचे. हॉकीचा विषय नाही. काकू फोनवर एकच विचारायच्या, "हात कसा आहे?" आणि भाऊ एकच सांगायचे, "फाइन आहे, आई."

भाऊंना त्या वर्षांत काय हवं होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही त्यांच्या ट्रकमध्ये होतो. "वरच्या टीमचं कॉल आलं तर छानच आहे यार," ते म्हणाले. "पण मला बाबा हवेत तिथं. एकदा. आय जस्ट वॉन्ट हिम टु सी की मी काय करतो. लोक म्हणतात म्हणून नाही, स्वतः बघून."

ती संधी एका वसंतात आली. भाऊंचा संघ अखेरच्या फेरीत पोचला होता. पुढच्या हंगामात मोठा संघ त्यांना वर घेणार अशी बोलवाही उठली होती. मोठ्या संघाला असाच माणूस हवा होता आणि भाऊंचं वय पाहता पुन्हा विचारणा होण्यासारखी नव्हती. काकूंनी काकांना धरून बसवलं. "माझे गुडघे गाडीत बसू देत नाहीत, नाहीतर मीच गेली असती. आता तरी जा. पोरगं तिशीला आलं," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "तू गाडी चालवशील का?"

सामन्याचा दिवस बुद्धपौर्णिमेचा निघाला. तो योगायोग काकांना शुभ वाटला. काकूंनी खिरीचा स्टीलचा डबा टॉवेलात बांधून दिला आणि आम्ही निघालो. बाहेर मे महिना, सगळीकडे हिरवं गवत. "बाहेर गवत उगवलं अन् हे लोक आत बर्फ करून राहिले," काका म्हणाले. इतक्या वर्षांत हॉकीवर त्यांनी केलेली ती पहिली थट्टा होती. मला फार बरं वाटलं.

दुपारी भाऊ आमच्या मोटेलच्या खोलीवर आले. काकांनी टीव्हीला टेकवून बुद्धाची तसबीर ठेवली. मेणबत्ती काढली तेव्हा भाऊ म्हणाले, "बाबा, कॅन्डल नको. अलार्म वाजंल अन् सगळं मोटेल बाहेर पळंल." मग मेणबत्ती न पेटवताच आम्ही तिघांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील घेतलं. काका पुढे म्हणत होते, आम्ही मागे. भाऊंचे उच्चार अमेरिकन, पण एक शब्द चुकला नाही. त्यानंतर कागदी कपांतून खीर खाल्ली. भाऊंचा दुसरा कप चालू असताना काका बोलले.

"मिलिंद, आज पौर्णिमा आहे. आत्ता तू शील घेतलं. तुझं काम तुझ्यापाशी, मी काही म्हणत नाही. पण आजचा एक दिवस, बाबू. मी इतक्या वर्षांनी येऊन राहिलो."

भाऊंनी कप खाली ठेवला. "बाबा, ते माझ्यावर नसतं. समोरचा काय करतो त्याच्यावर डिपेंड असतं."

"हात तर तुझेच आहेत ना?"

भाऊंनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मग ते म्हणाले, "ओके, बाबा. आज नाही." काकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मीही त्या क्षणी खुशीत होतो, हे मी लपवत नाही. खेळाडूंच्या घरच्यांनी सामना पाहायला येऊन असं काही मागू नये, एवढं त्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आमच्या दृष्टीनं मारामारी ही खेळात शिरलेली घाण होती आणि एका दिवसापुरती ती बाजूला ठेवणं हे पुण्याचं काम होतं.

रिंकवर आम्हाला खेळाडूंच्या कुटुंबांच्या जागा दिल्या होत्या. शेजारी डॅनीची आई बसली होती. डॅनी हा संघातला सगळ्यांत लहानखुरा आणि सगळ्यांत चपळ खेळाडू. पक त्याच्या काठीला जणू चिकटलेला असायचा. ती माउली उत्तरेकडच्या एका खेड्यात शाळेची बस चालवायची आणि सुटी काढून आली होती. काका कोण ते कळताच तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही सुकीचे वडील! तुमचा मुलगा बर्फावर असतो तेव्हाच मी डोळे उघडे ठेवून मॅच बघते. देव त्याचं भलं करो."

काकांनी डबा उघडून तिला कागदी कपात खीर दिली. तिनं त्या पदार्थाचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं आणि कप चाटूनपुसून साफ केला.

तीन भागांच्या सामन्यातला पहिला भाग सुरळीत गेला. भाऊ बर्फावर यायचे, लोक टाळ्या वाजवायचे, काका ताठ बसायचे. दुसऱ्या भागात डॅनी पक घेऊन कडेनं निघाला आणि समोरच्या संघाच्या एका उंच खेळाडूनं त्याला मागून रिंकभोवतीच्या फळ्यांवर आपटलं. आवाज आमच्यापर्यंत आला. डॅनी गुडघ्यांवर उठला, भुवई फाटली होती, बर्फावर लाल थेंब. डॅनीची आई उभी राहिली, पण घाबरलेली नव्हती. तिनं भाऊंकडे पाहिलं. सगळ्या रिंकनं पाहिलं. तो उंच खेळाडूही थांबला होता, एक हातमोजा सैल करून.

भाऊ घसरत त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. नाकाला नाक भिडेल इतक्या जवळ. मग त्यांनी मान वळवली आणि वर आमच्या दिशेनं पाहिलं. इतक्या लांबून त्यांना आम्ही दिसलो असू की नाही, कुणास ठाऊक. ते वळले आणि आपल्या बाकाकडे परत गेले. हातमोजे हातातच होते.

"पाह्यलं का!" काकांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाह्यलं का माझ्या पोरानं काय केलं!"

भोवताली लोक भाऊंची हुर्यो उडवत होते. डॅनीची आई अजून उभीच होती. ती काकांकडे वळून नुसतं म्हणाली, "का?"

टाके घालून डॅनी परत आला. त्यानंतर जे झालं ते फार लवकर झालं. समोरचा संघ आता मोकाट सुटला होता. येता-जाता डॅनीला कोपर, काठी, धक्का. पंचांनी दोघांना शिक्षा केली, त्यानं काही फरक पडला नाही. तिसऱ्या भागात दोघांनी मिळून त्याला कोपऱ्यात गाठलं आणि या वेळी तो उठला नाही. त्याचा उजवा हात अंगाखाली वेडावाकडा झाला होता. स्ट्रेचर आलं. डॅनीची आई पायऱ्या उतरताना रिकामा कप काकांच्या हातात देऊन गेली.

संघ सामना हरला आणि त्याबरोबर सगळी फेरीही हरला. आम्ही मागच्या बोळात उभे राहिलो. एकेक खेळाडू जात होता, कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं. शेवटी भाऊ आले. अंगावर एक ओरखडा नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं सामन्यानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

काका पुढे झाले आणि त्यांनी जे विचारलं ते मी आजवर विसरू शकलो नाही. ते म्हणाले, "काऊन थांबला रे तू?"

भाऊ म्हणाले, "तुम्ही आला होता ना, बाबा."

काका तिथंच भिंतीला टेकले. मग म्हणाले, "कुठं आहे तुझा कोच? मी सांगतो त्याला. माझ्यामुळं झालं. मी सांगतो." ते खरंच निघाले होते. भाऊंनी त्यांना धरलं. "नाही बाबा. शील मी घेतलं. माझ्या तोंडानं घेतलं. तुम्ही काही सांगायचं नाही. प्रॉमिस करा." आणि त्यांनी स्वतःही कुणाला काही सांगितलं नाही. प्रशिक्षकांना नाही, संघातल्या मित्रांना नाही. सुकी घाबरला, असं त्या गावात सगळे समजले आणि भाऊंनी तसं समजू दिलं. वडिलांवर बोट ठेवलं जाऊ नये म्हणून या माणसानं दहा वर्षांत कमावलेलं नाव एका संध्याकाळी जाऊ दिलं. त्यांच्या थोरवीबद्दल मला विचाराल तर मी एवढंच सांगेन.

परतीच्या वाटेवर एका पेट्रोलपंपावर थांबलो तेव्हा काका म्हणाले, "त्या बाईनं माझी खीर खाल्ली रे." आणि रडायला लागले.

मोठ्या संघाचं बोलावणं आलं नाही. उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या संघानंही करार पुढे चालवला नाही. डॅनीच्या खांद्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्याचा खेळ कायमचा बंद केला. तो तेव्हा पुरता बाविशीचाही नव्हता.

भाऊ ईडन प्रेरीला परत आले आणि गावच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्रावर नोकरीला लागले. काही वर्षांनी लहान मुलांना शिकवू लागले. आज आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेली आहेत, म्हणूनच तर त्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. त्यांच्याकडे पहिला धडा गोल करण्याचा नसतो. पहिला धडा, कसं पडायचं. दुसरा, आपल्या साथीदाराच्या मागून कुणी येत असेल तर बोंब मारून त्याला सांगायचं. कुणाकडे स्केट नसले तर ते घरोघर फिरून जुने जमवतात, रात्री धार लावून ठेवतात आणि कुणाला काय दिलं याचा उच्चारही करत नाहीत. माझ्या मुलीला एकदा एका मुलानं मुद्दाम ढकललं. भाऊंनी दोघांना बाकावर बसवलं आणि एक संत्रं दिलं. एकानं सोलायचं, दुसऱ्यानं फोडी वाटायच्या. मुलगी घरी येऊन म्हणाली, "मिलिंद काका इज सो वीअर्ड. बट आय लाइक हिम." त्या मुलाशी तिची मैत्री अजून आहे.

काका दर शनिवारी रिंकवर यायचे. गुडघे टेकून पोरांच्या स्केटच्या नाड्या बांधायचे, घट्ट, दुहेरी गाठ मारून. ते काम त्यांनी हातपाय चालत होते तोवर केलं. अखेरच्या आजारात मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "माझे हात साफ राह्यले पाहिजे, माझ्या पोराचे हात साफ राह्यले पाहिजे, एवढंच मी पाह्यलं. त्या लेकराकडे पाह्यलंच नाही." शील चुकीचं होतं असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. इतक्या वर्षांत मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि ज्यांना सापडलं आहे असं वाटतं त्यांच्याशी माझं पटत नाही.

याच कारणानं एकदा आपल्या विहारात मोठा अवघड प्रसंग झाला होता, तो इथं नोंदवतो. कुणाकडून तरी ही हकिगत बाहेर फुटली आणि पौर्णिमेच्या कार्यक्रमात एका वक्त्यांनी ती शीलपालनाचा आदर्श म्हणून रंगवून सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ तिसऱ्या रांगेत होते. ते उठून बाहेर गेले. मी मागे गेलो तर ते पार्किंगमध्ये, स्वेटरशिवाय, उभे. "त्यांना सांगा, डॅनीला बोलवा आणि मग टाळ्या वाजवा," ते म्हणाले. आवाज चढवून बोललेले मी त्यांना तेवढ्या एकाच वेळी ऐकलं. ते वक्ते भले गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. अजून थोडा आहे.

डॅनीचं उत्तरेकडे एका तळ्याकाठी हार्डवेअरचं दुकान आहे. भाऊ दर उन्हाळ्यात तिथं जातात. पहिल्या वर्षी त्याच्या आईनं दार उघडलं आणि लावून घेतलं. पुढच्या वर्षीही तेच. त्यानंतरच्या वर्षी तिनं पायरीवर कॉफी आणून दिली, घरात घेतलं नाही. आता ते आणि डॅनी होडीत बसून मासे धरायला गळ टाकतात, हवामानाबद्दल बोलतात. त्या सामन्याबद्दल एक शब्द कधी झालेला नाही. का थांबलो हे भाऊंनी त्यालाही सांगितलेलं नाही. "सांगून काय होणार? त्याचा खांदा बरा होणार का?" असं ते म्हणतात. मी एकदा सोबत गेलो होतो. गिऱ्हाइकानं वरच्या फळीवरचा रंगाचा डबा मागितला तेव्हा डॅनीनं स्टूल ओढलं आणि डाव्या हातानं तो काढला. उजवा खांद्याच्या वर जातच नाही. भाऊ तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत होते.

साठीच्या निमित्तानं भाऊंच्या प्रकृतीबद्दल लिहायला हवं आणि ते लिहिणं जड जातं. दहा वर्षांत डोक्यावर बसलेले ठोसे आता आपलं काम करू लागले आहेत. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आपल्या वहिनींना, सगळं नीट समजावून सांगितलं आहे. भाऊ नावं विसरतात. रिंकवर निभावतं, कारण मुलांच्या शिरस्त्राणावर नावाची पट्टी असते. विहारात कुणी शिरस्त्राण घालून येत नाही, म्हणून तिथं ते सगळ्यांना "भाऊ" आणि "ताई" म्हणतात. मागच्या महिन्यात त्यांनी मला काकांच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली.

या लेखासाठी मी त्यांना भेटायला गेलो. काय लिहू, असं विचारलं. वाटलं, नेहमीप्रमाणे "काही नको, कशाला" म्हणतील. त्यांनी माझा हात धरला. ती बोटं आता सरळ होत नाहीत.

"ती मॅच लिहा," ते म्हणाले. "सगळी लिहा, नीट लिहा. बाकी काही गेलं तर जाऊ दे, आय डोन्ट केअर. पण मी ते विसरलो ना, तर डॅनीचं कोण लक्षात ठेवणार?"

म्हणून लिहिलं, भाऊ. तुम्ही सांगितलं तसं, काही न गाळता. तुमच्या वाट्याला अजून पुष्कळ वर्षं येवोत, आणि ती धडधाकट येवोत. रिंकवर पोरांचा गलबला राहो, वहिनींचा हात हातात राहो. आणि तुमच्या आठवणींतून एकेक गोष्ट जाणारच असेल, तर ती संध्याकाळ सगळ्यांत आधी जावो. तुम्ही ती खुशाल विसरा. डॅनीचं आम्ही लक्षात ठेवू.